जुना कॅमेरा, नवा धनी: सावेदादांपासून ताडोबाच्या वाटेपर्यंत

१.
वरोऱ्याच्या पूर्वेला ताडोबा-अंधारीचे जंगल पसरले आहे. पहाटे त्याच्या प्रवेशद्वारांवर उभ्या राहणाऱ्या जिप्सींमध्ये लांब लेन्सचे कॅमेरे हमखास दिसतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या हातात बहुधा नवे कॅमेरे असतात. याच परिसरातील एखादा तरुण जेव्हा मोबाइल बाजूला ठेवून पहिला ‘मोठा’ कॅमेरा घ्यायचे ठरवतो, तेव्हा त्याच्या ऐपतीत बसतो तो दहा-बारा वर्षांचा जुना डीएसएलआर, कुणीतरी वापरून विकायला काढलेला. ही तडजोड म्हणावी की वरची पायरी? या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या इतिहासातच आहे. तो इतिहास क्रमाने पाहू.

२.
छायाचित्रणाचे तंत्र १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाले आणि पुढच्या काही वर्षांत ते हिंदुस्थानात पोहोचले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या संस्थेच्या कामात होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा फार लवकर आला. पण तो मुंबईत, आणि सधन व सुशिक्षित अशा मोजक्याच हातांत.

३.
त्याच १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख, इंग्रजी अमलाखाली गेला. या मुलखात कॅमेरा आला तो राज्यकर्त्यांच्या आणि अभ्यासकांच्या सामानातून. त्या काळी काचेच्या ओल्या पट्टीवर चित्र घेत. पट्टी ओली असतानाच तिच्यावर चित्र उमटवावे लागे आणि लगेच धुवावे लागे. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि ओझी वाहणारी माणसे असत. असा सरंजाम जंगलातल्या माणसाला परवडणे शक्यच नव्हते.

४.
परिणामी जंगलातला माणूस कॅमेऱ्यासमोर आला, कॅमेऱ्यामागे नाही. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सचित्र ग्रंथ सरकारी पुढाकाराने निघाला. त्यात माणसे जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. १९३८ साली ग्रिगसन यांचे बस्तरच्या माडिया गोंडांवरील पुस्तक आणि १९४७ साली व्हेरिअर एल्विन यांचे मुरियांच्या घोटुलावरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

५.
या ग्रंथांचे मोल कमी नाही. एल्विनसारखा अभ्यासक तर या लोकांत राहिला, त्यांच्या बाजूने लढला. तरीही एक गोष्ट उरतेच. चौकटीत काय घ्यायचे, काय वगळायचे आणि चित्राखाली काय लिहायचे, याचा निर्णय बाहेरून आलेल्या माणसाचा होता. यंत्राची किंमत आणि त्याचे ओझे यांनीच चित्र काढणारा कोण आणि चित्रात येणारा कोण, हे ठरवून टाकले होते. ही वाटणी मोडायची तर आधी यंत्र स्वस्त व्हायला हवे होते. नवे यंत्र स्वस्त होईपर्यंत थांबायचे नसेल, तर दुसऱ्याचे जुने यंत्र घेणे हाच मार्ग होता.

६.
या मार्गाचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण सावेदादांचे आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतील छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि त्यांच्या प्रभावाने सावेदादांनी लंडनहून २१ गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे स्वागतही त्यांनी टिपले.

७.
१९०३ च्या दिल्ली दरबाराचे चित्रण केल्यावर काही वर्षांत सावेदादा या कामातून बाजूला झाले. मात्र त्यांच्याकडची सामग्री अडगळीत पडली नाही. करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर या तिघांनी ती विकत घेतली आणि आपले चित्रण सुरू केले. पुढे याच श्रीनाथ पाटणकरांचे नाव मूकपटांच्या निर्मात्यांत आदराने घेतले जाऊ लागले. एका धन्याचे काम संपले तिथून दुसऱ्यांचे सुरू झाले. मराठी चित्रसृष्टीच्या अगदी आरंभीच्या पानावर जुन्या कॅमेऱ्याची ही खरेदी नोंदलेली आहे.

८.
नव्या कॅमेऱ्याची वाट किती महाग होती, हे दादासाहेब फाळक्यांच्या उदाहरणावरून कळते. त्यांनी आपली विमा पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले आणि तिथे ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही आले. पुढे फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. या यशाच्या मुळाशी एका संसाराची सगळी पुंजी होती, ही बाब सहसा विसरली जाते.

९.
कोल्हापुरात तिसरी वाट निघाली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी मुंबईत एक जुना प्रक्षेपक विकत घेतला आणि त्याच्याशी झटत यंत्राचे मर्म जाणून घेतले. विलायती कॅमेऱ्याइतका पैसा हाताशी नव्हता. म्हणून तो घरीच बनवायचे ठरले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन काम चालू ठेवले आणि १९१८ साली कॅमेरा तयार झाला. १९२० सालचा ‘सैरंध्री’ त्याच खटपटीतून उभा राहिला. पुढे दामले ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक झाले. जुन्या यंत्राने इथे गुरुकुलाचे काम केले.

१०.
स्थिर छायाचित्रणात मोठा बदल १९२५ साली झाला. जर्मनीत ऑस्कर बारनॅक यांनी घडवलेला लायका बाजारात आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर ३६ × २४ मिलिमीटरचे चित्र उमटवणारा हा कॅमेरा खिशात मावण्याइतका लहान होता. मात्र त्यात डोळा एका भिंगातून पाही आणि चित्र दुसऱ्या भिंगातून उमटे. जवळच्या वस्तूसाठी किंवा लांब लेन्ससाठी ही रचना अडचणीची होती. या अडचणीतून पुढे आली सिंगल लेन्स रिफ्लेक्स, म्हणजेच एसएलआर पद्धत. १९३६ चा किने एक्झाक्टा हा ३५ मिलिमीटरच्या अशा कॅमेऱ्यांपैकी अगदी सुरुवातीचा.

११.
एसएलआरमध्ये लेन्समागे ४५ अंशांत एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकतो, तिथले काचेचे लोलक तो सरळ करून डोळ्यापर्यंत पोहोचवते. बटण दाबताच आरसा वर उडतो, शटरचा पडदा सरकतो आणि प्रकाश मागच्या फिल्मवर पडतो. ‘खट्’ असा जो आवाज येतो तो या दोघांचा. डोळ्याला दिसते तेच चित्रात उतरते. पक्षी, वाघ किंवा खेळाडू टिपणाऱ्यांना हे वरदान ठरले. पण आरसा आणि पडदा हे हलणारे भाग आहेत आणि हलणारा भाग झिजतो. जुना कॅमेरा घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

१२.
१९५९ साली निकॉन एफ आला. त्याबरोबर आलेली लेन्स अडकवण्याची खाच, म्हणजे एफ-माउंट, कंपनीने पुढच्या सहा दशकांत सोडली नाही. कॅननची ईएफ-माउंट १९८७ ची. कॅमेऱ्याची बॉडी दर काही वर्षांनी बदलते, खाच मात्र तीच राहते. म्हणून बॉडीची किंमत झपाट्याने उतरते आणि चांगल्या लेन्सची हळूहळू. वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजाराचे सारे गणित या एका गोष्टीवर उभे आहे. जाणकार म्हणतात, ‘बॉडी जुनी चालेल, काच चांगली हवी’. त्यामागचे कारण हेच.

१३.
स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर निर्बंध आले आणि आयात कॅमेऱ्यावर जबर कर बसला. सामान्य घरांत आगफा क्लिकसारखा साधा डबा कॅमेरा असे. सोव्हिएत झेनिट आणि पूर्व जर्मनीचा प्राक्टिका हे हौशी मंडळींचे आधार. जपानी कॅमेरा आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून यायचा. उरलेल्यांसाठी मुंबईच्या फोर्टमधील बोरा बाजार आणि चोर बाजार होते. तिथे जुने कॅमेरे विकले जात, दुरुस्त होत आणि मोडलेल्यांचे सुटे भाग दुसऱ्यांना बसवले जात. १९७६ चा पेंटॅक्स के १००० असाच हातांमागून हात बदलत अनेक विद्यार्थ्यांचा पहिला कॅमेरा ठरला.

१४.
तालुक्याच्या गावात मात्र कॅमेरा म्हणजे फोटो स्टुडिओ. पासपोर्टचा फोटो, लग्नाचा अल्बम, शाळेचा वर्गफोटो. रोलमध्ये ३६ चित्रे, प्रत्येक चित्राला फिल्म, धुलाई आणि छपाईचा खर्च. कॅमेरा फुकट मिळाला असता तरी शिकणे महागच होते, कारण चुकीलाही पैसे पडत. छायाचित्रण ही चुकत-माकत शिकायची कला आहे. जिथे चूक परवडत नाही तिथे माणूस ठरावीक चौकटीबाहेर जात नाही. स्टुडिओतले चित्रित पडदे आणि ताठ बसलेली माणसे यांमागे ही काटकसरही होती.

१५.
ही अडचण दूर करणाऱ्या यंत्राचा जन्म १९७५ सालचा. अमेरिकेत कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने फिल्मविना चालणारा कॅमेरा जोडून तयार केला. वजन सुमारे साडेतीन किलो, चित्र १०० × १०० ठिपक्यांचे, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. फिल्म विकून जगणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत फिल्मचा अंत जन्माला आला, हा इतिहासातला एक विलक्षण योगायोग.

१६.
१९९१ साली कोडॅकने निकॉन एफ३ च्या बॉडीला डिजिटल पाठ जोडून डीसीएस हा कॅमेरा विकायला काढला. १.३ मेगापिक्सेल, चित्रे साठवायला खांद्याला अडकवायची वेगळी पेटी, आणि किंमत २० हजार डॉलरांच्या घरात. डीएसएलआरचा व्यापारी इतिहास इथून मोजतात. भारताने आर्थिक उदारीकरणाची वाट धरली तेही वर्ष १९९१ च. आयातीची दारे पुढे हळूहळू उघडत गेली, आणि डिजिटल कॅमेरा सामान्यांच्या आवाक्यात येईपर्यंत बाजारही त्याच्यासाठी तयार झाला.

१७.
१९९९ साली निकॉन डी१ आला: २.७ मेगापिक्सेल, किंमत पाच हजार डॉलरांच्या आसपास, गिऱ्हाईक मुख्यतः वृत्तपत्रे. २००३ साली कॅननने ईओएस ३००डी आणला. ६.३ मेगापिक्सेलची ही बॉडी एक हजार डॉलरांच्या आत मिळू लागली. बारा वर्षांत किंमत वीस पटींहून अधिक खाली आली होती. त्याहून मोठी घटना म्हणजे बटण दाबण्याचा खर्च जवळजवळ शून्य झाला. चूक फुकट झाली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने डिजिटल क्रांतीचा खरा अर्थ हा आहे.

१८.
डीएसएलआरच्या इतिहासात २००७-०८ ही वर्षे सीमारेषेसारखी आहेत. निकॉन डी३ ने २००७ साली अंधुक प्रकाशात चित्र घेण्याची क्षमता एकदम वर नेली. २००८ च्या ऑगस्टमध्ये आलेला निकॉन डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. त्याच वर्षीच्या कॅनन ५डी मार्क २ ने २१ मेगापिक्सेल आणि पूर्ण एचडी चित्रण दिले. त्याआधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ वाढवला की चित्रात रवाळ दाणे उठतात. वाघ दिसण्याची वेळ पहाटेची किंवा कातरवेळेची. म्हणून जंगलासाठी जुना कॅमेरा निवडताना ही सीमारेषा उपयोगी पडते.

१९.
योगायोग असा, की डीएसएलआरच्या ऐन भरात त्याच्या उताराचीही सुरुवात झाली. २००८ सालीच पॅनासॉनिकने आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस, जी१ बाजारात आणला. २०१३ साली सोनीने मोठ्या सेन्सरचा ए७ काढला. २०१८ साली निकॉन आणि कॅनन यांनीही पूर्ण आकाराच्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे नव्या माउंटसह आणले. जपानच्या कॅमेरा उद्योग संघटनेच्या आकड्यांनुसार २०१२ साली १ कोटी ६० लाखांहून अधिक डीएसएलआर बाजारात पाठवले गेले होते. २०२० साली तो आकडा २४ लाखांच्या आत आला आणि मिररलेस सुमारे २९ लाखांवर पोहोचले.

२०.
कारखान्यातला ओघ आटला, पण आधी बनलेले कोट्यवधी कॅमेरे नाहीसे झाले नव्हते. मोठ्या शहरांतील हौशी मंडळींनी आणि लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओंनी मिररलेस घेतले, तसे त्यांचे डीएसएलआर विक्रीला आले. असा कॅमेरा निकामी झाला म्हणून विकलेला नसतो. धन्याची गरज किंवा हौस बदललेली असते. सावेदादांची सामग्री ज्या कारणाने दुसऱ्यांच्या हाती गेली, तेच कारण इथेही आहे. फरक एवढाच, की तेव्हा एक कॅमेरा हात बदलत होता, आता एक अख्खी पिढी बदलते आहे.

२१.
मग हातातला नवा मोबाइल सोडून जुन्या डीएसएलआरकडे जाणे ही वरची पायरी कशी? उत्तर क्षेत्रफळात आहे. डी९० सारख्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यात ते २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास असे. मोबाइलचे मुख्य सेन्सर आता मोठे झाले आहेत, तरी ते डीएसएलआरच्या जवळ जात नाहीत. शेताला जसे पावसाचे पाणी, तसा सेन्सरला प्रकाश. शेत जितके मोठे, तितके पाणी अधिक. १२ मेगापिक्सेलचे चित्र १४ × ९ इंचांच्या कागदावर सुबक छापता येते. घराच्या भिंतीला आणि गावच्या प्रदर्शनाला तेवढे पुरते.

२२.
ताडोबाच्या संदर्भात याला आणखी एक बाजू आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य १९८६ साली घोषित झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०१८ च्या अखेरीस गाभा क्षेत्रात पर्यटकांच्या मोबाइलवर बंदी आली. कॅमेऱ्याला मात्र मज्जाव झाला नाही. शिवाय वाघ जवळ येईलच असे नसते, लांब लेन्स लागतेच. डी९० सारख्या लहान सेन्सरच्या बॉडीवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० मिलिमीटरइतका आवाका दाखवते. जुन्या, साध्या बॉडीचा हा गुण जंगलात कामी येतो.

२३.
लेन्सच्या बाबतीतही इतिहास शिकणाऱ्याच्या बाजूने झुकला. फार काळ ५००-६०० मिलिमीटरच्या लेन्स लाखोंच्या घरात होत्या. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० मिलिमीटरची लेन्स जाहीर केली, सिग्माने तशाच लेन्स आणल्या आणि २०१५ साली निकॉनची २००-५०० आली. आता त्याही वापरलेल्या मिळतात. इथे एक खाचखळगा आहे. निकॉनच्या डी४०, डी३०००, डी५००० सारख्या बॉडींत फोकसची मोटर नसते. जुन्या पद्धतीच्या लेन्स त्यांवर आपोआप फोकस होत नाहीत. डी९०, डी३००, डी७००० मध्ये ती मोटर आहे.

२४.
जुन्या कॅमेऱ्याच्या अंगावर त्याचे आयुष्य लिहिलेले असते, ते वाचता आले पाहिजे. शटर किती वेळा उघडले, हा आकडा अनेक मॉडेलांत चित्राच्या नोंदीतूनच मिळतो. डी९० चे शटर १ लाख वेळा आणि डी३०० किंवा डी७००० चे दीड लाख वेळा चालेल अशा बेताने केलेले आहे. आकडा त्याच्या जवळ गेला असेल तर शटर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. लग्नाचा हंगाम केलेली बॉडी वरून लखलखीत असली तरी आतून थकलेली असू शकते. उलट, कोपरे घासलेल्या हौशी बॉडीचे शटर ताजे असू शकते.

२५.
लेन्समधून विजेरीचा झोत टाकून पाहिला, की बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. पावसाळ्यात बंद पिशवीत राहिलेल्या लेन्सला हा रोग हमखास जडतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा तडाखा आणि कच्च्या रस्त्यांची धूळ यांचीही खूण राहते: सेन्सरवर ठिपके, फिरवताना करकरणारी कडी, फुगलेली बॅटरी, चिकट झालेले रबर. काही फार जुन्या बॉडी २ जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखत नाहीत. बिल, खोका आणि क्रमांक जुळतो का, हेही पाहावे. चोरीचा माल हा या बाजाराचा जुना कलंक आहे आणि त्याची झळ शेवटच्या धन्याला बसते.

२६.
या खरेदीत पणाला लागते ते केवळ दोन पैसे वाचवणे नव्हे. दीडशे वर्षे या मुलखाची चित्रे मुख्यतः बाहेरच्या माणसांनी काढली. पाहुणा दोन दिवस राहतो, वाघ टिपतो आणि जातो. इथला माणूस बारा महिने राहतो. मोहफुलांचा वेचा, तेंदूपत्त्याचा हंगाम, रोवणी, बाजार, वाघाच्या भीतीत शेतावर काढलेली रात्र, हे सारे त्याच्या रोजच्या नजरेतले. वाघाच्या अंगावरचे पट्टे बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात. गावातल्या तरुणाने टिपलेले स्पष्ट चित्र म्हणूनच एखाद्या विशिष्ट वाघाची नोंद ठरू शकते. अशी चित्रे काढायला नवा कॅमेरा लागत नाही; शेजारी राहणारा माणूस लागतो.

२७.
वरोऱ्यालगत बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन उभे केले. समाजाने टाकून दिलेल्या माणसांनी तिथे शेती पिकवली, हातमाग चालवले, घरे बांधली. ‘टाकाऊ’ हा शब्द तपासून घ्यायला शिकवणारे हे गाव आहे. वस्तूंच्या बाबतीतही तोच धडा लागू पडतो. बाजार ज्याला जुना म्हणतो तो कॅमेरा एखाद्याच्या दृष्टीने पहिलाच असतो. सावेदादांच्या यंत्रातून पाटणकर घडले, जुन्या प्रक्षेपकाने पेंटर बंधूंना शिकवले. ताडोबाच्या वाटेवरचा दहा वर्षांचा डीएसएलआर त्याच परंपरेतला आहे. त्याचे मोल त्याच्या वयावर नाही, यापुढे त्यातून कोण पाहणार यावर ठरते.